घरच्या कापसाचा दोरा

बेसिनमध्ये थुंकलं की लाल दिसायचं. मी नळ सोडायची, लाल वाहून जायचं, विषय संपायचा. सकाळी शाळेत प्रार्थना घ्यायची, त्याआधी डबे भरायचे, त्यात कोण हिरड्यांचं ऐकत बसणार. यजमानांच्या मात्र एक दिवस ते लक्षात आलं. ब्रश घेऊन माझ्यामागे उभे होते. वाकून बेसिनमध्ये पाहिलं आणि म्हणाले, "तू पान खाऊन राहिली काय?"

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला लग्नातसुद्धा पान खाताना पाहिलेलं नाही.

"रक्त होय ते," मी म्हटलं.

"हां, मंग ठीक आहे," ते म्हणाले, आणि मला बाजूला सारून दात घासायला लागले.

मी वरून कितीही ताठ राहिले तरी आतून घाबरले होते. आमच्या घरात, म्हणजे अकोल्याला माझ्या माहेरी, बायकांचे दात पन्नाशीला जातात. आजीचे गेले, मोठ्या काकूचे गेले, आईचे तर माझ्या आताच्या वयाला गेले. आधी रक्त, मग एखादा दात हलायचा, मग कोणीतरी म्हणायचं की ठेवून काय उपयोग, आणि मग सगळे काढून कवळी. याचं घरात कोणाला नवल नव्हतं. कोणाच्या घरी केस लवकर पिकतात, आमच्याकडे दात जातात, इतकी ती साधी गोष्ट होती. आणि आता माझी पन्नाशी आली होती. मला माझे दात हवे होते. फुटाणे हवे होते, हिवाळ्यात रोडग्याची खरपूस कड दातांनी तोडायला हवी होती. झोपताना आपलं हसू पेल्यात ठेवून झोपायचं मला मुळीच मान्य नव्हतं.

पहिला इलाज यजमानांनीच काढला. हळद, मीठ आणि तेल कालवून हिरड्यांना चोळायचं. त्यांच्या आईचा इलाज, म्हणजे त्याला नाही म्हणायची सोय नाही. मी चोळलं, घाईत नीट चूळ भरली नाही आणि शाळेत गेले. पहिल्या तासाला वर्ग माझ्याकडे एवढं लक्ष देऊन पाहत होता की मला वाटलं, आज शिकवणं फारच रंगलं. मधल्या सुट्टीत एका बाईंनी हळूच विचारलं, "मॅडम, तोंडातूनच हळद लावली काय?" मग तुरटी झाली. तुरटीने तोंड असं आवळलं गेलं की दुपारपर्यंत मला रागावतासुद्धा आलं नाही. यजमान त्या दुपारची आठवण अजून काढतात, आणि काढताना त्यांचा चेहरा फार समाधानी असतो.

शेवटी मी त्यांना न सांगता अमरावतीतल्याच एका दाताच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, आणि मी खुर्चीत बसायच्या आधीच तिला सांगून टाकलं, "काढायचे असतील तर आधी सांगा, मी उठून जाते."

ती हसली नाही हे तिचं मोठेपण. तिने आरसा घालून सगळं तोंड पाहिलं, फोटो काढला, आणि म्हणाली, "काकू, हिरड्या सुजल्यात. पण थोड्याच. हाड शाबूत आहे, एकही दात हलत नाही. मी साचलेला थर काढून देते. बाकीचं घरीच करायचं."

"आमच्या घरात दात जातातच," मी म्हटलं.

"मग तुमच्या घरात हिरड्या सुजत असतील आणि कोणी बघत नसेल. सूज उतरली तर दात कशाला जातील?"

एवढी मोठी गोष्ट तिने टेबलावरची कापसाची बरणी सरकवत सांगितली. मला तिचा थोडा रागच आला. पिढ्यानपिढ्यांचं संकट असं एका वाक्यात मोडीत काढतात होय?

मी दात कशी घासते ते ऐकून मात्र ती दचकली. मी कडक ब्रश वापरायची आणि मोरी घासावी तशी जोर लावून घासायची. ते बंद. नरम ब्रश घ्यायचा, हिरडीच्या काठावर तिरपा धरायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा. कोमट मीठपाण्याच्या चुळा. आणि रोज एकदा, रात्रीच्या जेवणानंतर, दातांच्या फटीतून दोरा फिरवायचा. सुरुवातीला रक्त येईल, पण म्हणून थांबायचं नाही, उलट थांबलात तर येतच राहील, हे तिने दोनदा सांगितलं. दोऱ्याची एक चपटी डबी दिली आणि प्लास्टरच्या दातांवर फिरवून दाखवलं. मी डबी पर्समध्ये टाकली आणि रिक्षात बसल्या बसल्या जिभेने माझे सगळे दात एकदा चाचपून घेतले. सगळे जागेवर होते.

आता यजमानांबद्दल सांगायला पाहिजे. ते कापसाचे ग्रेडर होते. जन्मभर काम एकच. गाडीतल्या ढिगात हात घालायचा, पुंजका काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, आणि तंतू किती लांब, किती मजबूत, कापसात ओल किती, ते सांगायचं. निवृत्त झाल्यावर कापूस सुटला, ओढायची सवय सुटली नाही. घरात आलेली प्रत्येक वस्तू ते ओढून पाहतात. टॉवेल, उशीचा अभ्रा, पायपुसणं. एका लग्नात त्यांनी शेजारी बसलेल्या वकीलसाहेबांच्या उपरण्याचा काठ ओढून पाहिला आणि त्यांना तोंडावर सांगितलं, "मिलावट आहे."

तेव्हा माझी डबी त्यांच्या तावडीतून सुटणार नव्हतीच. मी स्वयंपाकघरातून आले तर ते खिडकीजवळ उभे, हातभर दोरा बाहेर ओढलेला, तोंडावर खरेदी केंद्रावरचा जुना भाव. त्यांनी दोरा ओढला. उजेडात धरला. मग काडी पेटवून त्याचं टोक जाळलं. कापूस जळला की त्याची मऊ राख होते. हा दोरा आक्रसला आणि त्याचा छोटासा मणी झाला.

"हे प्लास्टिक होय," ते म्हणाले.

"मंग?"

"मंग काय? कापसाच्या मुलखात राहून तू तोंडात प्लास्टिक घालून राहिली. लोक काय म्हनतीन?"

"लोक माह्या तोंडात पाहाले कायले येतीन?"

यावर ते चपला घालून बाहेर पडले. संध्याकाळी वलगावहून परत आले ते उशीच्या खोळीत कापूस घेऊन. चुलतभावाच्या शेतातला, पहिल्या वेचणीचा, त्यांनी स्वतः निवडलेला. मग माळ्यावरची ट्रंक उतरवली आणि तिच्यातून टकळी काढली. त्यांच्या शाळेत सूतकताईचा तास असायचा आणि त्यात त्यांचा वर्गात पहिला नंबर होता, हे मला लग्न झाल्यापासून माहीत होतं. तो नंबर आज कामी येणार होता.

पुढचे काही दिवस आमच्या व्हरांड्यात सूत निघत होतं. येणारा-जाणारा फाटकाशी थांबून विचारायचा, आणि हे कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "मॅडमच्या दातासाठी." मी आत तोंडावर पदर घेऊन बसायची. समोरच्या काकू तर आपला कापूस घेऊन आल्या आणि म्हणाल्या की भाऊ बसलेच आहेत तर गणपतीची वस्त्रमाळही करून द्या. त्यांनी करून दिली, आणि ती माझ्या दोऱ्यापेक्षा सुबक झाली होती.

कारण माझा दोरा एका जागी केसासारखा बारीक होता आणि पुढे सुतळीसारखा जाड. दातात शिरायला तो तयार होईना. मग ह्यांनी तो तिळाच्या तेलात बुडवला आणि वर लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकले.

"ही वात आहे," मी म्हटलं.

"दोरा होय."

"तेलात भिजोलेल्या कापसाच्या दोऱ्याले वात म्हनतात. आपल्या घरी रोज लावतो आपन."

"वात जयते. हे दाताले लावाचं आहे."

मी डबी मागितली तर म्हणाले, फेकून दिली. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी त्यांच्या वरणात मीठ टाकलं नाही, आणि त्यांनी ते न बोलता खाल्लं, त्यामुळे आणखीच संताप आला. पण माणूस आठवडाभर वाकून बसून बायकोच्या दातांसाठी सूत काततो आहे, त्याला नाही तरी कसं म्हणायचं? दुसरी डबी आणायची तर ती लपवायची कुठे, हाही प्रश्न होता. मी तोच दोरा घेतला. तुकडे कापून एका पितळी डबीत ठेवले. ती डबी देवघराशेजारच्या कोनाड्यात, वातींच्या डबीजवळ ठेवण्याची बुद्धी कोणाला झाली हे आमच्यात अजून ठरलेलं नाही. परिणाम असा झाला की एका संध्याकाळी समई लावली आणि घरभर लवंगेचा वास सुटला, आणि जेवणानंतर मी दातात जे फिरवलं त्याला विभूतीची चव होती. मी देवाची माफी मागितली.

तरीही हिरड्या बऱ्या होत होत्या, हे नाही कसं म्हणू. नरम ब्रशने दुखणं थांबलं. मीठपाणी मी एकदाही चुकवलं नाही. बेसिन पांढरं राहायला लागलं. रोज सकाळी मी थुंकून खाली पाहायची आणि परीक्षेचा निकाल लागल्यासारखी खूश व्हायची. यजमान मागून डोकावून म्हणायचे, "लांब धाग्याचा कापूस आहे. फरक पडनारच."

थंडीत भावाने रोडग्यांचा बेत केला. अकोल्याहून बाळापूरच्या वाटेवर त्याचं शेत आहे, तिथे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, तूप. आईलाही आणलं होतं. ती बाजेवर बसून सगळ्यांना सूचना देत होती. माझी वहिनी वाढत होती. मी रोडगा फोडला आणि कड तशीच दातात धरून तोडली. कुरकुर आवाज झाला. कोणाच्याही ध्यानात आलं नाही, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भाजीच्या तिखटावर ढकलून मी दुसरा रोडगा घेतला. आई आपला रोडगा वरणात कुस्करून, मऊ करून, बोटांनी खात होती.

जेवण झालं आणि वांग्याचं साल मागच्या दाढांत अडकलं. मी विहिरीकडे गेले, पर्समधून घरचा दोरा काढला आणि आत घातला. गेला छान. निघेना. मी ओढला तर तो बारीक जागेवर तुटला आणि जाड भाग आत राहिला. त्याचं एक टोक ओठातून बाहेर लोंबायला लागलं. कापूस ओला झाला की फुगतो. ते मला त्या दिवशी हिरडीने शिकवलं.

मी तोंड उघडं ठेवूनच परत आले. भावाने मोबाईलचा उजेड पाडला. वहिनीने पर्समधून भुवयांचा चिमटा आणला. टोक चिमट्यात धरून ती ओढायला लागली आणि दोऱ्याबरोबर मीच पुढे यायला लागले. यजमान बाजूला उभे राहून सांगत होते, "ओढा, ओढा. भेऊ नका. तुटत नाही तो."

"आ आ आआ," मी म्हटलं. याचा अर्थ, मघाशी तुटला तो कोणाचा होता.

"तो बारीक जागी तुटला," ते म्हणाले. माझं बोलणं त्यांना न बोलताही कळतं, फक्त सोयीने कळतं.

शेवटी भावाने माझ्या फोनवरून डॉक्टरीणबाईंना लावलं आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तिने विचारलं, "कसला दोरा अडकलाय?"

सगळ्यांनी यजमानांकडे पाहिलं. मग यजमान फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "घरचा. शुद्ध."

मग ती म्हणाली, "मी दिलेल्या डबीतला दोरा घ्या. त्याला मध्ये एक गाठ मारा, शेजारून फटीत घाला आणि गाठ हळूच पलीकडे ओढा. निघेल. डबी आहे ना जवळ?"

मी मान हलवून नाही म्हणत होते. तेवढ्यात यजमान खाकरले. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि माझी चपटी डबी काढली.

"तपासाले ठेवली होती," ते म्हणाले.

वहिनीने डबी घेतली, उघडली, आत पाहिलं. "भाऊजी, ही तं संपत आली."

"रोज तपासून राहिलो नं."

या माणसाने मला देवाच्या वाती चावायला लावल्या आणि स्वतः रोज चोरून प्लास्टिकने दात साफ केले. मला जे बोलायचं होतं ते एवढं होतं की तोंड उघडं असून एक शब्द बाहेर पडेना. वहिनीने गाठ मारली, डॉक्टर सांगत होती तसं केलं, आणि तो सगळा गुंता बाहेर आला. यजमानांनी तो चिमटीत धरला, थोडा ओढून पाहिला, आणि माझ्या नजरेकडे लक्ष जाताच गोवऱ्यांच्या आरात टाकून दिला.

मग मी बोलले. किती वेळ बोलले ते सांगत नाही. भाऊ बैलांकडे जाऊन उभा राहिला.

माझं संपल्यावर आईने बाजेवरून हाक मारली. "इकडं ये. आ कर."

मी तिच्यासमोर बसले. तिने तांब्यातल्या पाण्याने हात धुतला आणि बोट माझ्या हिरडीवरून फिरवलं, मागून पुढे, वर आणि खाली. मग बोट उन्हात धरून पाहिलं.

"रगत नाही येत?"

"येत होतं. आता नाही."

"काय केलं मंग?"

"नरम ब्रश. मीठपानी. अन् तो दोरा. पन घ्याचा तो डबीतलाच," मी यजमानांकडे पाहत म्हटलं.

"अन् औषध?"

"काही नाही. डॉक्टर म्हने, हिरड्या सुजल्या होत्या. सूज उतरली का दात राह्यतात."

आईने पदर सारखा केला. आराकडे पाहत म्हणाली, "म्हंजे माहे दात चांगले होते."

महिनोन्महिने मी फक्त माझ्या दातांची काळजी केली होती. ही गोष्ट माझ्या डोक्यातही आली नव्हती. मी म्हटलं, "तुहे जास्त हालत असतीन, आई."

"दोन हालत होते. बाकीचे तं डॉक्टरच्यानं निघता निघत नव्हते. घामाघूम झाला होता बिचारा."

असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही. मला तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं, पण आमच्याकडे तशी पद्धत नाही, म्हणून मी तिचा तांब्या भरून आणला.

आणून ठेवते तर आई वहिनीला म्हणत होती, "तू बी आ कर."

"मले काय झालं?" वहिनी म्हणाली, आणि भांडी उचलायला लागली.

"आ कर म्हनलं नं."

वहिनीने लाजत तोंड उघडलं. आईने बोट फिरवलं आणि बाहेर काढलं. बोटाच्या टोकावर लाल होतं.

"कईपासून?"

"झाले असतीन सहा-आठ महिने."

"बोलली काहून नाही?"

वहिनी परातीकडे पाहत म्हणाली, "मले वाटलं, या घरात बायकायचे दात जातातच."

ही धामणगावची मुलगी. लग्न होऊन आमच्या घरात आली. आजीही दुसऱ्या गावाहून आली होती, काकू तिसऱ्या, आणि आई बाळापूरची. त्यांच्यात एकीचं रक्त दुसरीला लागत नव्हतं. मी इतकी वर्षं मुलांना विज्ञान शिकवते आणि हे मला कधी दिसलं नाही. त्या सगळ्या एकाच मोरीवर उभ्या राहून थुंकल्या, पाणी ओतलं आणि स्वयंपाकाला लागल्या.

आईने बोट पदराला पुसलं. "उद्या हिच्या संग अमरावतीले जाय."

"उद्या गव्हाले पानी द्याचं आहे," वहिनी म्हणाली.

"तुहा नवरा देईन. त्याच्या डब्याचं मी पाह्यतो," आई म्हणाली, आणि मला विचारलं, "सकायची गाडी किती वाजता हाये?"